अक्षरांची सोयरीक

अक्षर हे वाणीचे दृश्य रूप होय. बोलणाऱ्याच्या कंठावरून जसा त्याचा भाव ओळखू येतो, तसा छापील मजकुराचा भाव त्याच्या अक्षरवळणावरून वाचकाच्या मनात प्रथम उतरतो. अर्थ मागाहून पोहोचतो. असे असूनही शाळेचा अंक, स्नेहसंमेलनाची पत्रिका, गौरवपत्र, भित्तिपत्रक किंवा दुकानाची पाटी सिद्ध करताना आपण मजकुरावर जेवढी चर्चा करतो, तिच्या शतांशानेही अक्षरांची करीत नाही. कोणते वळण कोठे घ्यावे आणि एका पानावर दोन वळणे आणावयाची तर कोणाची सोयरीक कोणाशी जुळते, हा प्रश्न केवळ छापखानेवाल्यांचा आहे असा समज रूढ आहे. तो दूर व्हावा, आणि विशेषतः महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदत असलेल्या आपणां मराठी कुटुंबांनी या प्रश्नाकडे आस्थेने पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा विचार आपल्या परंपरेस नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षर वाटोळे व सुटे असावे, ओळी सरळ असाव्यात, आणि ग्रंथाच्या आरंभी जे वळण धरले तेच अखेरपर्यंत राहून सारे लेखन एकाच टाकाने झाल्यासारखे वाटावे, असा त्यांचा उपदेश आहे. धर्म आणि राजकारण सांगणाऱ्या ग्रंथात अक्षरासाठी एक समास खर्ची पडावा, यावरूनच या विषयाची थोरवी ध्यानात यावी. अक्षराचे एकरूपत्व हा वाचकाविषयीच्या आदराचा भाग आहे, असेच समर्थांना सुचवावयाचे असावे.

पुढे छापण्याची कला आली आणि हाताच्या वळणाची जागा शिशाच्या खिळ्यांनी घेतली. भारतात पहिला छापखाना गोव्यात १५५६ साली सुरू झाला. तथापि फादर स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले ते रोमन लिपीत. भाषा मराठी आणि वस्त्र परके, अशी ती अवस्था होती. देवनागरीचे खिळे पाडणे हे काम अतिशय कष्टाचे. रोमन लिपीस थोड्या अक्षरांवर भागते. देवनागरीस काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरांची सेना लागते. एका पूर्ण संचासाठी काही शे निरनिराळे खिळे ओतावे लागत. जावजी दादाजी यांनी मुंबईत १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या सुबक टंकांची कीर्ती देशभर पसरली, ती याच कष्टांच्या बळावर. लोकमान्य टिळकांसारख्या पुरुषानेही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल याचा खल केला होता, हे आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसेल.

या कष्टांचा एक अनपेक्षित लाभ झाला. खिळे महाग, म्हणून लहान छापखान्याकडे वळणे एक किंवा दोनच असत. आकार मात्र तीन-चार. जुळारी बापडा मथळ्यास तेच वळण मोठ्या आकारात घेई, मजकुरास मध्यम आकारात आणि टिपांस बारीक आकारात. परिणामी सारे पान एका घराण्याचे दिसे. त्या पानांचे सौंदर्य आज आपण वाखाणतो; परंतु त्याचा मोठा वाटा दारिद्र्याने लादलेल्या संयमाचा होता, हे विसरू नये. आज संगणकावर, ज्यास सर्वजण फॉन्ट म्हणतात, ते टंक शेकड्यांनी फुकट मिळतात. दारिद्र्य गेले हे उत्तमच झाले. पण त्याबरोबर संयमही गेला. जो संयम पूर्वी परिस्थिती शिकवीत होती, तो आता आपला आपणच शिकला पाहिजे. आमच्या या लेखाचे मर्म एवढेच आहे.

कोणतीही एक लग्नपत्रिका अथवा कार्यक्रमपत्रिका समोर धरावी. मथळा फुगीर आणि सावली पडलेला, वधूवरांची नावे तिरकी व नक्षीदार, तिथी ताणून लांब केलेली, आणि स्थळाचा पत्ता केसासारख्या बारीक रेघांत! चार ओळींत चार वळणे. प्रत्येक ओळ ओरडते. म्हणून एकही ऐकू येत नाही. घरातील आजीला पत्रिकेतील मुहूर्ताची वेळ हवी असते. ती चष्मा पुसून पुसून शोधते आणि शेवटी नातवाला विचारते. अलंकार पुष्कळ झाले आणि निरोप पोहोचला नाही, तर त्या पत्रिकेचे प्रयोजनच काय उरले?

तर मग निवड कशी करावी? आमच्या मते एका पानावर दोन वळणे पुरेत. एकाने मथळा सांभाळावा, दुसऱ्याने मजकूर वाहावा. श्रमविभाग ठरला की निम्मा गोंधळ मिटतो. तिसरे वळण घ्यावयाचेच असेल तर ते पंगतीतील मिठासारखे, पानाच्या एका कोपऱ्यात, चिमूटभर. मुखपृष्ठावरील अंकाचे नाव कोणी हौशी विद्यार्थ्याने हाताने रेखाटले तर त्याहून अधिक शोभेचे काही नाही. परंतु तेच नक्षीदार अक्षर आतील प्रत्येक लेखाच्या शिरावर बसविले की शोभेचे ओझे होते.

ही दोन वळणे परस्परांशी कशी असावीत? येथे सोयरिकीचाच दाखला घेऊ. आपल्याकडे जुने लोक दोन गोष्टी पाहात: गोत्र निराळे असावे आणि घराची रीत मात्र जुळावी. टंकांचेही तसेच आहे. जवळजवळ सारखी दिसणारी दोन वळणे शेजारी आली तर वाचकास तो भेद वाटत नाही, चूक वाटते. जुळाऱ्याचा हात चुकला की काय, अशी शंका येते. म्हणून भेद करावयाचा तर तो स्पष्ट करावा. मजकुरास जाड-बारीक रेघांचे, लेखणीची आठवण देणारे वळण घेतले, तर मथळ्यास सर्वत्र समान जाडीच्या रेघेचे, साधे व ठळक वळण शोभते. उलट मजकूर समरेघी असेल तर मथळा लेखणीच्या वळणाचा असावा. हे झाले गोत्र. आता घराची रीत म्हणजे काय? अक्षराच्या अंगाची उंची, त्याची रुंदी, रेघांची घनता आणि पोकळ्यांचा मोकळेपणा. एक वळण ऐसपैस बसणारे आणि दुसरे अंग चोरून उभे राहणारे असेल तर दोघांचा संसार पानावर सुखाचा होत नाही.

पाश्चात्त्य मुद्रकांनीही हेच अनुभवले आहे. इंग्लंडमधील एरिक गिल या कारागिराने १९२८ च्या सुमारास गिल सॅन्स नावाचे साधे, टोकांस पाया नसलेले रोमन वळण सिद्ध केले. पर्पेच्युआ हे पायाचे, शिलालेखांची आठवण देणारे वळणही त्याच्याच हातचे. ही दोन्ही एका पानावर आली तरी भांडत नाहीत. स्वभाव दोन, परंतु हात एक! प्रमाणाची जाण एकाच मनातून उतरलेली असल्यामुळे भेद असूनही मेळ राहतो. म्हणूनच नवशिक्याने निवड करताना एकाच कलावंताची अथवा एकाच घडणीची वळणे प्रथम पाहावीत. त्यांत फसगत कमी होते.

परंतु आपला प्रश्न याहून अवघड आहे, कारण आपल्या पानावर बहुधा दोन लिपी असतात. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी दर्पण काढले, तेव्हा त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जात असे. मराठी वृत्तपत्राचा जन्मच अशा रीतीने दोन लिपींच्या संसारात झाला. आज बडोद्याच्या मराठी घरातील पत्रिकेवर शिरोरेषा नसलेली गुजराती, बेळगावच्या पाटीवर गोलाकार कानडी, आणि सर्वत्र इंग्रजी, अशी शेजारसंगत असते. यजमान कोण व पाहुणा कोण, हे अक्षरांनीच ठरते. मराठीचे अक्षर किरकोळ आणि इंग्रजीचे धिप्पाड दिसले तर मजकुरात काहीही लिहिलेले असो, पानाने आपला कौल दिलेलाच असतो.

या बाबतीत दोन तांत्रिक गोष्टी ध्यानी घ्याव्या. पहिली आकाराची. संगणकावर दोन्ही लिपींस बारा हा आकडा दिला म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील, ही समजूत खोटी आहे. देवनागरीस शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी व रफार यांना आणि खाली उकारांना जागा द्यावी लागते. त्यामुळे अक्षराच्या मुख्य अंगास वाटा कमी येतो आणि ते खुजे दिसते. देवनागरीची शिरोरेषा रोमन लहान अक्षरांच्या माथ्याहून थोडी उंच आणि मोठ्या अक्षरांच्या माथ्याहून थोडी खाली आली, की डोळ्यास समतोल वाटतो. त्यासाठी इंग्रजीचा आकडा एक-दोनने उतरवावा लागला तरी संकोच करू नये. ओळींमधील अंतरही इंग्रजीच्या मापाने ठेवू नये. बारा पॉइंटांच्या देवनागरी अक्षरास अठरा पॉइंटांच्या आसपास ओळ मिळाली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांस धक्का देत नाहीत.

दुसरी गोष्ट लेखणीची. देवनागरीचा बोरू ज्या दिशेने तिरका कापतात, तिच्या उलट दिशेने रोमन लिपीची लेखणी कापली जाते. साहजिकच एकीत जी तिरपी रेघ जाड येते, ती दुसरीत बारीक येते. म्हणून जाड-बारीक रेघांची दोन वळणे शेजारी ठेवली तर त्यांचा झोक निराळा राहणारच. ते वैगुण्य नव्हे. तो प्रत्येकीचा जन्मजात चालीचा भाग आहे. रोमनची चाल देवनागरीवर लादून काढलेली कित्येक वळणे आज आधुनिक म्हणून मिरवतात. शिरोरेषा तोडावी, कान्यास इंग्रजी अक्षराचा पाया द्यावा, काना सरळ नळीसारखा करावा, असे प्रकार पाटीवरील एका शब्दापुरते मौजेचे वाटतील. पण त्या वळणात चार पाने वाचावयास दिली तर डोळे शिणतात. जाडी आणि उंची यांचा मेळ घालावा, चाल मात्र ज्याची त्याला राहू द्यावी. सोयरीक झाली म्हणून कोणी आपला चेहरा बदलून घेत नाही.

आता आमच्या अगदी अंतरीच्या मुद्द्याकडे वळतो. इंदूर, ग्वाल्हेर यांसारख्या नगरांत राहणाऱ्या मराठी माणसाची अडचण अशी, की भोवतालची भाषा निराळी असली तरी लिपी तीच आहे. त्यामुळे आपले काही हरवत आहे, हे चटकन ध्यानातही येत नाही. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा. हिंदीत रूढ असलेला ल उजवीकडील उभ्या दंडास टेकलेला. श चीही दोन रूपे आहेत. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श प्रमाण मानला. संगणकावरील पुष्कळ टंकांत मात्र प्रथम हिंदीचे रूप उमटते. काहींत मजकुराची भाषा मराठी अशी नोंदविली, तरच मराठी रूप दिसते. ही नोंद कोण करतो? पहिलीतील मूल पुस्तकात एक ल गिरवते आणि शाळेच्याच फलकावर दुसरा पाहते. शिक्षकाने विचारले तर ते कोणता काढील?

र चा प्रश्न तर केवळ रूपाचा नाही, अर्थाचा आहे. दर्या म्हणजे सागर आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. आचार्यांना नमस्कार करावा आणि आचाऱ्यांना स्वयंपाकाचे सांगावे. हा भेद एका लहानशा चंद्रकोरीसारख्या अर्ध्या र वर उभा आहे. हिंदीला त्याची गरज नाही. म्हणून केवळ हिंदीसाठी घडविलेल्या कित्येक टंकांत तो नीट उमटत नाही. मग कऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांच्या मुलांच्या गौरवपत्रांवर त्यांचे नावच मोडते, आणि आपल्या शेजारचे बऱ्हाणपूर मराठी मजकुरात ओळखू येईनासे होते. ज्या मुलाने वर्षभर परिश्रम करून पारितोषिक मिळविले, त्याच्या हाती त्याचे नाव चुकवून देणे हा काही लहानसा अपराध नव्हे. भिंतीवर चौकटीत लावलेले ते गौरवपत्र पुढील पन्नास वर्षे तीच चूक सांगत राहील.

कोणी म्हणेल, हा कोतेपणा आहे. हिंदीचा ल देवनागरीच नव्हे काय? आमचे उत्तर असे, की हिंदी मजकुरास हिंदीचे वळण अवश्य द्यावे. तेथे मराठीचा ल घुसडणेही तितकेच अयोग्य ठरेल. देवाणघेवाण या दोन भाषांत पूर्वीपासून चालत आली आहे. अ, झ, ण या अक्षरांची उत्तरेकडे निराळी रूपे प्रचलित होती. पुढे मुंबईच्या छापखान्यांतील रूपे हिंदीनेही प्रमाण म्हणून स्वीकारली. त्यात हिंदीचा मान कमी झाला नाही. परंतु विचारपूर्वक स्वीकारणे वेगळे आणि केवळ बेपर्वाईने गमावणे वेगळे. आम्हांस पहिल्याचे दुःख नाही, दुसऱ्याचे आहे.

दुसरा आक्षेप असा, की मजकूर उत्तम असला म्हणजे झाले; अक्षरांचे एवढे स्तोम कशास? आक्षेप घेणाऱ्यांनी एक करून पाहावे. एकच निबंध दोन वळणांत छापून एखाद्या वृद्ध गृहस्थाच्या आणि एखाद्या चौथीतील मुलाच्या हाती द्यावा, आणि कोणती प्रत शेवटापर्यंत वाचली जाते ते पाहावे. चांगले अक्षर मजकुराचे गुण वाढवीत नाही, हे खरे. परंतु वाईट अक्षर ते गुण वाचकापर्यंत पोहोचू देत नाही. उत्तम टंक तोच, की जो वाचताना ध्यानातही येत नाही.

आता उपाय. सुदैवाने आज यासाठी द्रव्याची गरज उरलेली नाही. एक टाइप या मुंबईच्या संस्थेने सिद्ध केलेले मुक्त हे समरेघी वळण बारीकपासून अतिठळकपर्यंत सात जाडींत सर्वांस विनामूल्य उपलब्ध आहे. त्याच घराण्यात गुजराती व अन्य लिपींचीही भावंडे असल्यामुळे बडोद्याच्या शाळेस तर ते विशेष सोयीचे. तिरो देवनागरी या वळणाची हिंदी, मराठी व संस्कृत अशी तीन स्वतंत्र रूपे आहेत. त्यातील मराठी रूप लेखणीच्या जाड-बारीक चालीचे आणि दीर्घ वाचनास योग्य आहे. त्यास ठळक रूप नाही. म्हणून त्याच्या मथळ्यांस दुसरे वळण घ्यावेच लागते. मजकुरास तिरो आणि मथळ्यास मुक्तचे ठळक रूप, ही सोयरीक आमच्या मते आपल्यासारख्या शालेय अंकास शोभून दिसेल. मात्र ठळक रूप नसलेल्या अक्षरास संगणकाकडून बळेच जाड करवून घेऊ नये. रेघा सुजतात आणि पोकळ्या बुजतात. त्याचप्रमाणे अक्षर तिरके करून भर देण्याची रीत मूळची रोमन लिपीची आहे; देवनागरीत भर देण्यास ठळक अक्षर किंवा अवतरणचिन्हे पुरेशी आहेत.

निवडलेला टंक युनिकोडचा असावा, हेही आवर्जून सांगितले पाहिजे. युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीस जागा मिळाली. तथापि कित्येक वर्षे अनेक ठिकाणी जुन्या पद्धतीचेच टंक चालू राहिले. त्यांत देवनागरी आकृतीच्या पाठीमागे खूण असे ती रोमन अक्षराची. तो टंक नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला, की अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. अशा रीतीने जपलेले जुने अंक हे जपूनही हरवल्यासारखेच आहेत.

टंक पसंत करण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी. त्यासाठी आम्ही एक वाक्य सुचवितो: ‘कऱ्हाडच्या श्रीधरने ॲल्युमिनियमच्या ताटात बऱ्याच द्राक्षांसह शिळी पोळी ठेवली, हे विद्वान ज्ञानेश्वरला ऑफिसात कळले.’ वाक्यास फारसा अर्थ नाही. पण त्यात चंद्रकोरीचा र दोन प्रकारे, श, ल, ळ, क्ष, ज्ञ, श्र, द्व, द्र आणि ॲ, ऑ हे सर्व आले आहेत. याखाली ‘ह्रस्व’ आणि ‘हृदय’ हे दोन शब्द आणि १ ते ९ हे अंक लिहावे. मजकुराच्या आकारात व मथळ्याच्या आकारात ते कागदावर छापून पाहावे. पडद्यावरील रूपावर विसंबू नये. एखादे जोडाक्षर मथळ्यात पाय मोडून आणि मजकुरात जोडून येत असेल, तर ती सोयरीक तत्काळ मोडावी.

आमची शाळेस आणि पालकांस एवढीच विनंती आहे, की पुढील अंकाचे काम आरंभताना मजकूर गोळा होण्यापूर्वी दोन टंक ठरवावेत, ते वरील परीक्षेस उतरवावेत आणि निदान दहा वर्षे बदलू नयेत. गौरवपत्रे, सूचनाफलक आणि निमंत्रणे यांसही तीच दोन वळणे लावावीत. चित्रकलेच्या तासाला वरच्या वर्गातील मुलांकडून ही परीक्षा करवून घेतली तर शिक्षणही होईल. विद्यार्थिमित्रांनी आपले नाव छापून आले की प्रथम त्यातील प्रत्येक अक्षर तपासावे आणि चुकले असेल तर नम्रपणे पण निश्चयाने दुरुस्ती मागावी. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या आपल्या वस्त्यांत मराठी टिकावी म्हणून आपण व्याख्याने करतो, उत्सव करतो. ते सर्व योग्यच आहे. परंतु भाषा रोज डोळ्यांपुढे येते ती अक्षरांच्या रूपाने. ते रूप शुद्ध, मोकळे आणि आपले राखणे हे कोणत्याही अनुदानावाचून, कोणाच्याही संमतीवाचून, प्रत्येक घराला आजच करता येण्याजोगे काम आहे.